गर्भपातानंतरचे ४२ दिवस, आणि पुढचे थोडे

लिहू की नको करत करत चार महिने गेले. जुलैमध्ये रात्री दोन-तीन वाजता मोबाईल घेऊन मी मराठीत शोधायचे, "गोळ्या घेतल्यावर किती दिवस अंगावरून जातं", आणि समोर यायचं काय तर कुठल्यातरी क्लिनिकची जाहिरात नाहीतर पापपुण्य. कुणीतरी तारीखवार साधं लिहून ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं असं तेव्हा वाटायचं, म्हणून हे. मी डॉक्टर नाही, माझं जे झालं ते सांगतेय, तुमचं वेगळं होऊ शकतं.

माझं वय ३३, राहायला भांडुप पश्चिम, नोकरी अंधेरीला. मुलगी साडेतीन वर्षांची, तिला घरात सगळे चिऊ म्हणतात. तिच्या वेळी सिझर झालं होतं आणि त्यानंतरचे सात-आठ महिने माझ्या डोक्याची जी अवस्था होती ती मला परत नको होती. दुसरं मूल का नको याची याहून जास्त कारणं आहेत पण ती इथे मांडत बसत नाही, मांडली की लोक मार्क द्यायला लागतात.

१४ जून २०२४, शुक्रवार. पाळी सहा दिवस पुढे गेलेली, सकाळी किट आणून टेस्ट केली, दोन रेषा. आम्ही कंडोम वापरत होतो, मे महिन्यात एकदा फाटला होता आणि "एकदाने काय होतंय" म्हणून ७२ तासांची गोळी घ्यायचा कंटाळा केला होता, दोघांनीही. त्याच रात्री नवरा दोन मेडिकलमध्ये गर्भपाताच्या गोळ्यांचं विचारून आला. एकाने "आम्ही ठेवत नाही" म्हटलं, दुसरा काहीच बोलला नाही, नुसती मान हलवली. तेव्हा राग आला होता पण नंतर कळलं ते बरंच झालं, कारण सिझर झालेलं असेल तर गर्भ त्या जुन्या टाक्यांच्या जागी तर बसला नाही ना हे आधी बघावं लागतं, किंवा तो पिशवीच्या बाहेर नळीत असला तर या गोळ्या काहीच करत नाहीत आणि नळी फुटायची भीती. मैत्रिणीकडून उरलेल्या गोळ्या आणून खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. फी ७००. त्यांनी का, कशाला काही विचारलं नाही, शेवटच्या पाळीची तारीख विचारली (११ मे), आधीची बाळंतपणं, बीपी, दमा, ॲलर्जी, आणि एकदम, "पहिल्या वेळी नंतर मन ठीक होतं का?" मी म्हटलं नव्हतं. त्यांनी पेपरावर लिहून ठेवलं. पुढे ही एक ओळ उपयोगी पडली.

सोनोग्राफी १८ जूनला, सतराला बकरी ईदची सुट्टी होती. आधार कार्ड न्या. फॉर्म एफ नावाचा कागद भरून घेतात, त्यावर गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही म्हणून सही करायची, भिंतीवर तो नेहमीचा बोर्ड असतोच. ते लिंगनिदानाच्या कायद्याचं आहे, प्रत्येक गरोदर बाईचा भरतात, घाबरू नका. रिपोर्ट आला की पिशवीतच आहे पण फार लहान, एक आठवड्याने परत या, टाक्यांच्या जागेपासून लांब आहे का नीट दिसेल. ₹१६००.

तो आठवडा मला सगळ्यात जड गेला. निर्णय झालेला, आणि शरीराला त्याचा पत्ताच नाही. सकाळी ८.१२ च्या गाडीत घाटकोपरपर्यंत उभी असताना कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या वासाने पोटात ढवळायचं, छाती दुखायची, रात्री नऊला झोप. घरी तेव्हा सासूबाई नव्हत्या, गावी गेलेल्या, आषाढी झाल्यावर येणार होत्या. माहीत फक्त तिघांना, मी, नवरा आणि कांजूरला राहणारी माझी ताई.

२५ जूनला दुसरी सोनोग्राफी. जागा चांगली होती, टाक्यांपासून वर. मॉनिटर माझ्याकडे नव्हता तरी डॉक्टर मशीनवर बघत बघत सवयीने बोलून गेले, "ठोके सुरू झालेत." त्यांच्या हातात तो रेफरलचा कागद होता, त्यावर एमटीपी, म्हणजे गर्भपात, असं लिहिलेलं होतं. वाईट हेतू नव्हता, दिवसभर तेच वाक्य आनंदाने ऐकणाऱ्या बायका येत असतील. तुम्ही जाल तेव्हा टेबलावर झोपायच्या आधी सांगून टाका, "मला काही सांगू नका, स्क्रीन दाखवू नका." मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि ते तीन शब्द मी पुढे बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले.

२७ जून, गुरुवार संध्याकाळ, पहिली गोळी. त्याआधी कागद. क्लिनिकमधल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, "मिस्टरांची सही इथे." नवरा बाजूलाच उभा होता, पेन काढलं पण त्याने. मी म्हटलं कायद्याने फक्त माझी लागते. त्या म्हणाल्या आम्ही सगळ्यांकडून घेतो. आवाज चढायच्या आत मॅडमनी आतून हाक मारून सांगितलं की पेशंटची एकटीची चालेल. तर लक्षात ठेवा, फॉर्म सी हा संमतीचा फॉर्म, १८ वर्षांच्या वरच्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची नको, आईबापाची नको. लग्न झालेलं असायला हवं असंही नाही, २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फेल गेल्याच्या कारणात "विवाहित" शब्द काढला आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीतही अविवाहित बायकांना वगळता येणार नाही असं सांगितलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. आणि तुमचं नाव उघड करणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे. हे सगळं मी नंतर वाचलं, त्या दिवशी नुसता हट्ट होता.

रक्ताच्या तपासण्या ₹८५०. हिमोग्लोबिन ११.२, गट बी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह गट असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून घ्या. गोळ्या, त्यांची देखरेख वगैरे सगळं मिळून ५५००. पालिकेच्या हॉस्पिटलात याच्या किती तरी कमीत होतं, पण तिथे ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने मी गेले नाही. पहिली गोळी मॅडमसमोर घेतली, बिस्किटं खाऊन. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन महिनाअखेरचे रिपोर्ट काढले.

दुसरा डोस शनिवारी, २९ जूनला. मॅडम म्हणाल्या होत्या सकाळी घेतलेला बरा, दिवसाउजेडी सगळं आटपतं. मी संध्याकाळी सात धरले कारण चिऊला ताईकडे पोचवून यायचं होतं. त्या दिवशी वर्ल्ड कपची फायनल आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्याशी काय संबंध असं वाटलं होतं.

तयारी सांगते. मोठे नाईट पॅड दोन पाकिटं (कप किंवा टॅम्पॉन नको, किती जातंय ते मोजता यायला हवं), जुनी चादर, गरम पाण्याची पिशवी, ओआरएस, मूगडाळीची खिचडी. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी, दुखायला लागल्यावर घेतली तर उशीर होतो. चार गोळ्या गालात आणि हिरडीत अर्धा तास धरून ठेवायच्या, उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. तोंडात खडू धरल्यासारखं होतं.

आठ-सव्वाआठला हुडहुडी भरली. जून अखेरची ती घामट हवा, पंखा बंद, दोन पांघरुणं आणि तरी दात वाजतायत. या गोळ्यांनी ताप येतो थोडा, तो चालतो, पण १०० पॉइंट ४ च्या वर एक दिवसाहून जास्त राहिला तर फोन करायचा असं कागदावर लिहून दिलेलं. मग जुलाब. मग साडेनऊपासून कळा. "पाळीपेक्षा थोडं जास्त" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या पाळीच्या दुखण्याला ते कुणी लावून बघू नये. लाटा यायच्या, मधे दोन मिनिटं शांत, परत. नवरा बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर. टीव्ही म्यूट केलेला, पण चालू. खरं सांगते, तो चांगला होता त्या रात्री, पाणी देत होता, पिशवी गरम करून देत होता, किती पॅड झाले ते बिलाच्या पाठीवर लिहीत होता.

साडेअकराच्या सुमाराला कमोडवर बसलेली असताना एकदम काहीतरी सुटलं. कळतं ते, सांगावं लागत नाही. मी त्याला हाक मारली. "आलो अगं, एक मिनिट," असं बाहेरच्या खोलीतून आलं, दारातून नाही. मी परत हाक मारली आणि त्याच क्षणाला अख्खी बिल्डिंग ओरडली. खालच्या मजल्यावर कुणीतरी थाळी बडवायला लागलं. तो सूर्यकुमारचा कॅच होता, सीमारेषेवरचा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दोन-तीन मिनिटांत तो आलाच, पण तोपर्यंत माझं बघून झालं होतं. बघू नकोस असं ताईने बजावलं होतं. सात आठवडे झालेले, लिंबापेक्षा लहान, गाठी आणि एक पांढुरका तुकडा, बस. वाटलं होतं तसं काही नव्हतं. मी फ्लश केलं आणि बाहेर फटाक्यांची माळ लागली ती पंधरा मिनिटं संपेना.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांनी. हलकं वाटत होतं, अगदी मोकळं, आणि ते तसं वाटतंय याची लाज सकाळपर्यंत आली नाही.

पुढचे तीन दिवस पाळीसारखंच. मळमळ तिसऱ्या दिवशी गायब, चहाचा वास परत चांगला लागला. मी ऑफिसला "पोट बिघडलंय" म्हणून दोन दिवस सिक लीव्ह टाकली आणि ३ जुलैला कामावर हजर. हा मूर्खपणा होता. घाटकोपरच्या मेट्रोच्या पुलावर सकाळी नऊला जी गर्दी असते ती ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. संध्याकाळी भांडुपला उतरले, पाऊस, रिक्षाच्या लाइनीत वीस मिनिटं, नंबर आला तर रिक्षावाला म्हणाला "उधर नहीं जायेगा." आणि मी रडायला लागले. म्हणजे डोळे भरून येणं नाही, हुंदके. मागच्या मावशी म्हणाल्या अहो बसा, बसा, काय झालं, आणि तो रिक्षावाला इतका घाबरला की त्याने घरापर्यंत सोडलं आणि पैसे घेईना. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हॉर्मोन एकदम खाली येतात, बाळंतपणानंतर येतात तसेच, काही दिवस असं होणार. हे आधी सांगितलं असतं तर मी रिक्षातच रडायची सोय केली असती.

चार जुलैला टीमची मिरवणूक होती मरीन ड्राइव्हला, गाडीत सगळे निळे टीशर्ट. माझी एका बाकड्यावर बसून चक्कर जाईपर्यंत दोन गाड्या गेल्या.

मग थांबलं. पाच तारखेला नुसते डाग. मी मनात म्हटलं सुटलो. सात जुलैला रविवारी रात्री एक वाजता जाग आली ती चादर भिजलेली, गाठी पडतायत, आणि बाहेर पाऊस असा की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेना. ती आठ जुलैची पहाट, मुंबईत सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला ती. भांडुप-नाहूरला रुळांवर पाणी, गाड्या बंद, शाळांना सुट्टी. मॅडमना पहाटे तीनला फोन केला, उचलला. त्यांनी एकच विचारलं, "तासाला किती पॅड?" दोन मोठे पॅड तासाला पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास झालं तर पाऊस असो काही असो, जवळचं हॉस्पिटल गाठायचं, माझी वाट बघायची नाही. मग आम्ही मोजत बसलो. नवऱ्याने परत बिलाची पाठ घेतली. तीन ते चार एक, चार ते पाच एक आणि थोडा, पाच ते सहा अर्धा. कमी झालं. खाली जाऊन त्याने बघितलं तर गल्लीत गुडघाभर पाणी. तेव्हा जर जावं लागलं असतं तर कसं गेलो असतो याचा विचार मी मुद्दाम करत नाही. ज्यांना पावसाळ्यात करायचंय त्यांनी चालत जाता येईल असं एक हॉस्पिटल आधी हेरून ठेवा.

नऊ तारखेला क्लिनिक. सोनोग्राफी, अजून १६००. रिपोर्टवर "आरपीओसी" असं छापलेलं, म्हणजे थोडं आत उरलंय. मला ते अक्षर बघूनच पाय गळले, इंटरनेटवर तर काय काय. मॅडम म्हणाल्या रिपोर्टला नाही, पेशंटला बघायचं असतं. ताप नाही, वास नाही, पोट मऊ आहे. परत गोळ्यांचा एक डोस देऊ, नाही निघालं तर छोटी प्रोसिजर, नळीने ओढून घेतात, पंधरा मिनिटांचं काम. हिमोग्लोबिन ८.६. लोहाच्या गोळ्या सुरू, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा पुढेमागे तासभर नको. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

त्याच दिवशी मॅडमनी सर्टिफिकेट लिहिताना सहज विचारलं, "सहा आठवड्यांची रजा घेतलीस ना?" मी म्हटलं कसली. तेव्हा, २०२४ मध्ये, लागू असलेला मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट १९६१, कलम ९. मिसकॅरेज झालं किंवा एमटीपी केली तर त्या दिवसानंतर लगेचचे सहा आठवडे पगारी रजा. त्यातून आजारपण आलं तर कलम १० प्रमाणे अजून एक महिन्यापर्यंत. आणि त्यातलं कलम ४ तर सांगायचं की त्या सहा आठवड्यांत बाईने कामच करायचं नाही, मालकाने जाणूनबुजून करून घ्यायचं नाही. मी एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत अकरा वर्षं काम करतेय आणि हे मला माहीत नव्हतं.

१० जुलैला एचआरला मेल टाकला. उत्तर आलं की ही रजा फक्त मिसकॅरेजला आहे, तुमचं "इलेक्टिव्ह" आहे. मी कलमाचा मजकूर चिकटवून पाठवला. मग फोन, सोनोग्राफीचे रिपोर्ट पाठवा. नाही पाठवले. मग "कारण काय ते कळवा." नाही कळवलं. मग लीगलकडे गेलंय, थांबा. चौदा दिवस. २४ जुलैला मंजूर झाली, ३० जून ते १० ऑगस्ट, ४२ दिवस, मधे मी कामावर गेलेले दिवस आणि टाकलेल्या सिक लीव्ह परत खात्यात. मी काय लिहिलं होतं ते देते, हवं तर उचला, फक्त कायद्याचं नाव आणि कलम तेव्हाचं आहे, आत्ताचं बघून घाला: "दि. २९ जून २०२४ रोजी माझी वैद्यकीय गर्भसमाप्ती झाली आहे. मॅटर्निटी बेनिफिट ॲक्टच्या कलम ९ नुसार सहा आठवड्यांची सवेतन रजा मंजूर करावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. ही माहिती गोपनीय ठेवावी." एवढंच. पुरावा म्हणून तारखेचं सर्टिफिकेट पुरतं, रिपोर्टची फाईल द्यायची गरज नाही. पगार मर्यादेत (२०२४ मध्ये २१ हजारांपर्यंत) असेल आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जात असेल तर पैसे तिकडून मिळतात. मेडिक्लेमने मात्र काही दिलं नाही, ॲडमिट झाले नव्हते ना.

मधल्या काळातलं घरचं सांगते. तेरा जुलैला आमचं जोरदार भांडण झालं, विषय वाळत घातलेले कपडे. तो म्हणाला, "आता झालं ना सगळं, अजून किती दिवस?" आणि मी म्हटलं, "तू कॅच बघायला गेलास." त्याला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा तो गप्प बसला आणि म्हणाला, "मी तीनदा रिप्ले बघितला." मला वाटलं होतं तो नाकारेल. आता त्या कॅचची क्लिप कुठेही लागली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

पंधरा तारखेला मी भांडुप स्टेशनजवळच्या आमच्या नेहमीच्या किराणावाल्याकडे गेले. चिऊच्या वेळी आईने काय काय केलं होतं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, तेल लावायला बाई, सव्वा महिना मी स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता. आणि आता तेच शरीर, तेवढंच रक्त गेलेलं, आणि मी खिचडी खाऊन कपडे वाळत घालतेय. म्हटलं आपणच करू. पाव किलो अळीव, डिंक, गूळ, दोन नारळ मागितले. काकांनी अळीव तोलता तोलता विचारलं, "बाळंतीण आहे वाटतं घरात?"

मी म्हटलं, "हो."

"मग खारीक घ्या चांगली, ही नको, ही ओलसर आहे," म्हणून आतल्या डब्यातून वेगळी काढून दिली.

नारळाच्या पाण्यात अळीव भिजत घातले, दोन तासांनी ते फुगून बुळबुळीत झाले, मग खोबरं-गुळात परतून एकवीस लाडू वळले. डिंक त्या वेळी वापरलाच नाही, पावसात नीट तळला जाईना. अठरा तारखेला सासूबाई आल्या, डबा उघडून बघितला, म्हणाल्या अळीव पावसाळ्यात? मी म्हटलं हिमोग्लोबिन कमी आलंय. "हं," म्हणाल्या आणि मग रोज सकाळी चहाच्या आधी एक लाडू बशीत काढून ठेवायला लागल्या. त्यांना माहीत आहे की नाही मला माहीत नाही. विचारणार नाही.

(चौदा जुलैला मी वेड्यासारखी घरी परत टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली. हातपाय गार. तीन-चार आठवडे तसं येऊ शकतं, हॉर्मोन हळूहळू उतरतो. ते ₹६० वाया घालवू नका.)

वीस जुलैला चौथी सोनोग्राफी, पिशवी साफ. मॅडम हसल्या, मी हसले, बाहेर येऊन वडापाव खाल्ला. आणि खरी घसरण तिथून सुरू झाली. तोपर्यंत काहीतरी मोजायला होतं, पॅड, तारखा, एचआरचे मेल. आता मोजायला काही नाही. रात्री जाग यायची ती "ठोके सुरू झालेत" ऐकू येऊनच. कॅलेंडरवर तारीख काढली, १५ फेब्रुवारी आली असती. पश्चात्ताप नव्हता. परत तीच वेळ आली तर मी तेच करेन, हे मी स्वतःला किती वेळा विचारून बघितलंय. पण रडू येत होतं, आणि पश्चात्ताप नसताना रडायचा हक्क आहे का असं काहीतरी विचित्र डोक्यात फिरायचं. ताई म्हणायची देवाच्या मनात असेल तर पुढे होईल परत. तिला कसं सांगू की मला परत नकोच आहे.

बावीसला रात्री अडीच वाजता १४४१६ ला फोन लावला, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. पहिली पाच मिनिटं मी नुसती "हॅलो" म्हणत होते. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का हे सरळ विचारलं, नव्हता. चाळीस मिनिटं बोलले. सकाळी मॅडमना सांगितलं, त्यांच्या पेपरावर ती जुनी ओळ होतीच, त्यांनी लगेच एका काउन्सेलरकडे पाठवलं. तीन सेशन, १२०० चं एक. पहिल्यात मी सगळं खाली मान घालून सांगितलं, नीट क्रमाने, आत्ता इथे सांगतेय तसंच. ती म्हणाली, "तुम्ही हे रिपोर्ट दिल्यासारखं सांगताय. ठोक्यांबद्दल परत सांगा." ते परत सांगायला मला दोन सेशन लागले.

झोप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आली. पाच ऑगस्टला पाळी आली, जास्त गेली, दोन दिवस, मग नेहमीसारखी. लक्षात घ्या की पाळी यायच्या आधीच, कधी दोन आठवड्यांच्या आतसुद्धा, परत दिवस राहू शकतात. नऊ ऑगस्टला, नागपंचमीला, कॉपर टी बसवली, ३८०ए, दहा वर्षांची. ₹२८०० घेतले, सरकारीत फुकट बसवतात. बसवताना दुखलं पण त्या रात्रीच्या मानाने काहीच नाही.

बारा ऑगस्टला ऑफिसला हजर. शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, "काय गं, बारीक झालीस, डाएट?" मी म्हटलं टायफॉइड. एचआरमधल्या त्या मुलीने लिफ्टमध्ये हळूच विचारलं की कलम ९ ची ती पीडीएफ तिला पाठवता येईल का, तिच्या बहिणीला हवीये. पाठवली.

सगळा खर्च जोडला, बावीस हजार तीस झाले. काउन्सेलिंगसकट.

गणपतीच्या आदल्या दिवशी हिमोग्लोबिन परत तपासलं, १०.९. येताना काकांकडे मोदकाची पिठी घ्यायला थांबले. ही गर्दी. त्यांनी पिठी बांधली, गूळ बांधला, पैसे मोजता मोजता मान वर करून म्हणाले, "बाळंतीण बरी आहे ना?"

"बरी आहे आता," मी म्हटलं. मागच्या बाईंना वेलची हवी होती, मी बाजूला झाले.